औषध पोटात गेले, पण अंगी का लागले नाही?

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांत संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होते. दिवसभर लावणीच्या चिखलात वाकून काम केलेल्या आयाबहिणी पाय धुऊन, लुगडे बदलून येतात. रत्नागिरी तालुक्यातल्या अशाच एका वाडीत वाचन आटोपल्यावर आम्ही आरोग्याच्या गप्पांना बसलो होतो. एक काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, डोळे लाल. पाच दिवस ताप होता, आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की त्यांना धड उभेही राहवत नव्हते.

"औषध घेतलंत का?" आम्ही विचारले.

"तीन दिस घेतंय. पन गोळ्यांत दम नाय. फुकटच्या गोळ्या त्या, अशाच असायच्या."

आम्ही त्यांची पिशवी मागवली आणि चटईवर रिकामी केली. सरकारी दवाखान्यातून मिळालेली डॉक्सिसायक्लिन होती. अंगात रक्त कमी म्हणून आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या होत्या. मुंबईच्या मुलाने गुडघेदुखीसाठी पाठवलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. छातीत जळजळते म्हणून आणलेली पित्ताच्या पातळ औषधाची बाटलीही होती.

"कधी घेता हे सगळं?"

"एकदमच घेतंय. इसरायला नको. आनि गोळी गरम पडते ना, म्हनून कपभर दुधासंगं."

आम्ही त्यांना त्याच रात्री रुग्णालयात पाठवले. रक्त तपासले गेले, सुईतून औषध सुरू झाले, आणि आठवड्याने काकी बऱ्या होऊन घरी आल्या. त्यांचा ताप न उतरण्याचे अमुक एकच कारण होते असे आम्ही म्हणत नाही. तापाला अनेक कारणे असतात. पण त्या पिशवीत जे होते आणि ते ज्या रीतीने घेतले जात होते, त्यामुळे डॉक्सिसायक्लिनचा मोठा भाग शरीराला मिळालाच नसणार, हे औषधशास्त्र स्पष्ट सांगते. गोळीत दम होता. तिचे हातपाय पोटातच बांधले गेले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, ही चूक काकींची नव्हती. पिशवीतली प्रत्येक वस्तू त्यांच्या भल्यासाठीच होती. या वस्तू एकमेकींच्या आड येतात, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते सांगण्यासाठीच हा लेख.

आपल्या जिल्ह्याला याची गरज जास्त का?

कोकणात पावसाळ्यातला ताप साधा समजून चालत नाही. लेप्टोस्पायरोसिस हा रोग इथे मुक्कामालाच आहे. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून त्याचे जंतू शेताच्या, गटाराच्या, डबक्याच्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून, चिखलात भिजून मऊ पडलेल्या कातडीतून आत शिरतात. चिखलणी-लावणी करणारे, गोठा साफ करणारे, गटारे उपसणारे, पुरानंतर घरातला गाळ काढणारे हे सगळे या धोक्यात येतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात घुसले, तेव्हा दिवसच्या दिवस गाळात उभे राहून काम करणाऱ्यांपुढेही हाच धोका होता. ही कामे बहुतेक कोण करतात, हे आपल्याला सांगायला नको.

या रोगावर सुरुवातीलाच दिले तर उत्तम चालणारे, स्वस्त आणि सरकारी केंद्रात मोफत मिळणारे औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन. सौम्य आजारात मोठ्या माणसाला ते साधारणपणे १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ७ दिवस देतात. साथीच्या काळात धोक्याच्या कामावर असलेल्यांना प्रतिबंध म्हणून आठवड्यातून एकदाच २०० मिलिग्रॅम देतात. आता विचार करा. आठवड्याची ती एक मात्रा जर लोहाच्या गोळीबरोबर आणि दुधाबरोबर घेतली, तर तो आठवडाभर आपण संरक्षण आहे असे समजून चिखलात उतरणार, आणि प्रत्यक्षात ते अपुरे असणार.

पोटात नेमके काय होते?

गोळी गिळली म्हणजे औषध लागू पडले असे नसते. गोळी विरघळून, आतड्याच्या भिंतीतून पार होऊन रक्तात मिसळावी लागते. रक्तात गेली तरच ती जंतूंपर्यंत पोहोचते.

डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाचा रेणू खेकड्यासारखा असतो असे समजा. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, झिंक यांपैकी कशाचाही कण जवळ आला की तो त्याला नांगीत घट्ट धरतो. शास्त्रज्ञांनी या क्रियेला दिलेले 'किलेशन' हे नावही खेकड्याच्या नांगीच्या ग्रीक शब्दावरूनच आले आहे. नांगीत खनिज धरलेला हा खेकडा आतड्याच्या भिंतीतून पार होऊ शकत नाही. तो तसाच पुढे सरकतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. औषधही वाया जाते आणि ते लोह, ते कॅल्शियमही वाया जाते.

हे किती प्रमाणात होते, ते मोजले गेले आहे. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९७० साली लोहाची गोळी आणि टेट्रासायक्लिन गटातली औषधे माणसांना एकत्र देऊन रक्त तपासले. डॉक्सिसायक्लिनचे रक्तातले प्रमाण ८० ते ९० टक्क्यांनी घटले होते.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन या दुसऱ्या प्रसिद्ध अँटिबायोटिकची १९८९ साली अशीच चाचणी प्रसिद्ध झाली. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे पित्ताचे औषध घेऊन लगेच ती गोळी घेतली, तर रुपयातले जेमतेम १५ पैसे औषध अंगी लागले. दोन तास थांबून घेतली तरी सुमारे २३ पैसे, चार तास थांबून सुमारे ७० पैसे, आणि सहा तास थांबल्यावर पुरा रुपया. उलट अँटिबायोटिक आधी घेऊन दोन तासांनी पित्ताचे औषध घेतले, तर काहीच नुकसान झाले नाही. म्हणजे काय आधी आणि काय नंतर, यालाही फार महत्त्व आहे.

औषध अर्धवट लागू पडले की नुकसान दुहेरी होते. रोग अंगात वाढत जातो, हे एक. दुसरे असे की, अपुऱ्या औषधात जे जंतू तगतात ते पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात. मग महागडी औषधे आली, खासगी दवाखान्याचे बिल आले, कर्ज आले. आणि "सरकारी गोळ्यांत दम नाही" ही समजूत वाडीभर पसरली की पुढचा आजारी माणूस त्या केंद्राची पायरीच चढत नाही.

कोणती औषधे सांभाळायची?

औषधाच्या पाकिटावर नाव इंग्रजीत असते. घरातल्या शाळकरी मुलाला ते वाचायला सांगा आणि नावाचा शेवट ऐका.

नावाच्या शेवटी 'सायक्लिन' असेल, जसे डॉक्सिसायक्लिन, टेट्रासायक्लिन, तर सांभाळायचे.

नावाच्या शेवटी 'फ्लॉक्सॅसिन' असेल, जसे सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, नॉरफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, तरीही सांभाळायचे. लघवीच्या जळजळीवर, जुलाबावर, कधी छातीच्या संसर्गावर ही औषधे दिली जातात.

पाकिटावर एक नाव कंपनीने दिलेले असते. त्याच्या जवळ औषधाचे मूळ नाव छापलेले असते, ते वाचायचे.

सगळ्याच अँटिबायोटिकचे असे होत नाही, हेही लक्षात ठेवा. ॲमॉक्सिसिलिनवर या खनिजांचा फारसा परिणाम होत नाही. ॲझिथ्रोमायसिन मात्र पित्ताच्या पातळ औषधाबरोबर एकाच वेळी घेऊ नये. सेफपोडॉक्सिम आणि सेफ्युरॉक्सिम यांना पोटातले आम्ल लागते. आम्ल कमी करणारी गोळी सोबत असेल तर ही दोन औषधे कमी शोषली जातात. तेव्हा आपण नेहमी घेत असलेल्या पित्ताच्या गोळीचे नाव डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

घरात काय काय आड येते?

*पित्ताचे पातळ औषध आणि चघळायच्या गोळ्या.* डायजिन, जेलुसिल अशा नावांनी मिळणाऱ्या या औषधांत ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असते. सगळ्यात जास्त नुकसान यांनीच होते. अल्सरवर दिले जाणारे सुक्रालफेट हेही ॲल्युमिनियमचेच औषध आहे.

*लोहाच्या गोळ्या.* गरोदर मातांच्या लाल, शाळेतल्या मुलामुलींच्या निळ्या, बाजारातली रक्तवाढीची पातळ औषधे.

*कॅल्शियमच्या गोळ्या आणि झिंक.* बी-कॉम्प्लेक्सची साधी गोळी चालते, पण 'ताकदीच्या' अनेक गोळ्यांत झिंक, लोह मिसळलेले असते. पाकिटावर वाचा.

*दूध, दही, ताक.* "गोळी उष्ण पडते, दुधाबरोबर घे" हा सल्ला आपल्या घराघरांत आहे. प्रेमापोटी दिलेला असला तरी या दोन गटांतल्या औषधांना तो चुकीचा आहे. जळजळीवरचे थंड दूधही त्यातच आले.

*नाचणीचे आंबील.* नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, आणि एरवी ती आपली ताकदच आहे. फक्त गोळीच्या वेळी आंबील नको.

*पानाचा चुना.* चुना म्हणजे कॅल्शियमच. तोंडात पान-तंबाखू असताना गोळी घेऊ नका. तंबाखू सुटली तर उत्तमच.

*खाण्याचा सोडा.* यात ही खनिजे नसतात, पण तो पोटातले आम्ल एकदम मारतो. गोळीबरोबर सोडाही नको.

पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या गोळ्या खनिजांच्या नाहीत. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनला त्या अशा धरून ठेवत नाहीत. डॉक्टरांनी त्या सोबत लिहून दिल्या असतील तर घाबरून बंद करू नका.

मग वेळ कशी बसवायची?

अगदी सोपी रीत आहे. दिवसातून दोनदा घ्यायचे औषध असेल तर:

सकाळी ८ वाजता अँटिबायोटिक. थोडे खाऊन, पेलाभर साध्या पाण्याबरोबर.

दुपारी २ वाजता डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलेली कॅल्शियमची गोळी, झिंक किंवा पित्ताचे पातळ औषध. दूध, ताक, आंबील हेही याच सुमारास.

रात्री ८ वाजता पुन्हा अँटिबायोटिक. जेवून, पेलाभर पाण्याबरोबर.

दुपारचे दोन हे दोन्ही गोळ्यांपासून सहा-सहा तास दूर आहेत, म्हणून ही वेळ धरली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन खुणा करून ठेवा: आठ, दोन, आठ.

लोहाच्या गोळीचे मात्र वेगळे आहे. डॉक्सिसायक्लिन रक्तात गेल्यावरही यकृतातून पित्तरसाबरोबर पुन्हा आतड्यात उतरते, आणि तिथे लोह असले तर ते त्याला पुन्हा धरते. त्यामुळे नुसते तासांचे अंतर नेहमी पुरत नाही. "डॉक्सिसायक्लिन संपेपर्यंत लोहाची गोळी थांबवू का?" असे डॉक्टरांना सरळ विचारा. आठवडाभर थांबवून कोर्स संपताच ती पुन्हा सुरू केली तर बिघडत नाही. पण पुन्हा सुरू करायला विसरू नका, कारण आपल्या भगिनींच्या अंगातले रक्त कमी असणे हाही मोठा आजारच आहे.

डॉक्सिसायक्लिनने पोटात मळमळते, म्हणून ते उपाशीपोटी घेऊ नका. भात, भाकरी, कुळथाची पिठी, काहीही साधे जेवण चालते. गोळी गिळल्यावर निदान अर्धा तास आडवे होऊ नका. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, आणि मग "गोळीने छाती जळते" म्हणून माणूस पित्ताचे औषध शोधतो. पेलाभर पाणी आणि ताठ बसणे, एवढ्याने निम्मी जळजळ मुळातच टळते.

काही खास गोष्टी

गरोदर मातांनी लोह आणि कॅल्शियम या गोळ्याही एकमेकींपासून निदान दोन तास दूर घ्यायच्या असतात. डॉक्सिसायक्लिन आणि 'फ्लॉक्सॅसिन' गटातली औषधे गरोदरपणात सहसा टाळतात. तेव्हा ताप आला की सगळ्यात आधी "मी गरोदर आहे" हे सांगा. कुणाची उरलेली गोळी घेऊ नका.

शाळेत मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. मूल यांपैकी एखाद्या अँटिबायोटिकवर असेल तर त्या आठवड्यापुरते शिक्षकांना कळवा.

क्षयरोगाचे उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि त्यात पोट बिघडतेच. पण ॲल्युमिनियमचे पित्ताचे औषध आयसोनियाझिडचे शोषण कमी करते, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात दिली जाणारी लेव्होफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही तर 'फ्लॉक्सॅसिन'च आहेत. वस्तीतल्या क्षयरुग्णाने मनाने पित्ताची बाटली आणू नये. केंद्रात सांगावे. पोटाच्या त्रासावर तिथे मार्ग काढून देतात.

लहान मुलाला जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी, म्हणजे ओआरएस, कधीही थांबवू नका. त्यात ही खनिजे नसतात. झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते, तीही पूर्ण द्या. मुलांच्या साध्या जुलाबाला बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागतच नाही.

एक विनंती

हे वाचून कोणीही मनाने औषध सुरू किंवा बंद करू नये. आपण करायचे ते इतकेच: दवाखान्यात जाताना घरातली औषधांची पिशवी पूर्ण घेऊन जायची. मुंबईहून आलेल्या गोळ्या, टपरीवरून आणलेली बाटली, सगळे टेबलावर ठेवायचे आणि तीन प्रश्न विचारायचे. हे औषध कशाबरोबर घेऊ नये? जेवणाआधी की नंतर? माझ्या या दुसऱ्या गोळ्यांपासून किती तास दूर?

डॉक्टर घाईत असतील, औषध देणारा दुसऱ्याला हाक मारत असेल, तरी विचारायचे. आपल्याला बोलता येत नाही असे समजून गप्प राहण्याचे दिवस आपण मागे टाकले आहेत. आपल्या अंगात जाणाऱ्या औषधाबद्दल विचारणे हा आपला हक्क आहे.

आणि ताप आल्यावर पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल किंवा पिवळे झाले असतील, लघवी कमी होत असेल, धाप लागत असेल, किंवा औषध सुरू करून दोन दिवसांत उतार नसेल, तर घरी वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा.

त्या वाडीतल्या काकी आता वाचनाला येताना चष्मा घेऊन येतात. दर रविवारी ग्रंथवाचन संपले की कोणाच्या घरी कोणती नवी गोळी आली, ते त्या विचारतात. शाळेतली नात पाकिटावरचे नाव वाचते, आणि काकी शेवटची अक्षरे कान देऊन ऐकतात. तुमच्या विहारातही असे एक पाऊण तास बसता येईल. पिशव्या तेवढ्या सोबत आणा.

जय भीम.